तात्या आणि एक जून

तात्यांनी पेपरातला दिनविशेष फळ्यावर जसाच्या तसा कधीच उतरवला नाही. आमच्या वाचनालयाच्या दारातला फळा रोज सकाळी तेच लिहायचे. वर जयंत्या, खाली पुण्यतिथ्या. पण त्याआधी कपाटातली तीन जुनी पुस्तकं काढून तारखा ताडून बघायचे, आणि एकाचं दुसऱ्याशी जमलं नाही तर तो थोर माणूस त्या वर्षी फळ्यावरून बाद. मी काही बोलले की म्हणायचे, "पेपरवालो काय तेंच्या बारशाक गेल्लो?"

मी तिथली ग्रंथपाल, तात्या निवृत्त ग्रामसेवक. ते गेले त्याला आता वर्ष होईल. लोकांचे जन्म-मृत्यू नोंदवण्यात त्यांचा उभा जन्म गेला, त्यामुळे समोरच्याच्या तोंडापेक्षा त्याच्या तारखेवर यांचा डोळा. एकदा एक जण वडिलांची पुण्यतिथी फळ्यावर लिहा म्हणून आला. तात्यांनी विचारलं, "तेरावा खंयच्या वाराक केल्यात?" तो चाचरला. "मगे आधी घराकडे इचारून ये," म्हणाले आणि खडू खाली ठेवला.

सगळ्यात राग एक जूनवर. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग हेडमास्तर बिनदिक्कत एक जून ठोकून द्यायचे. आता त्या दिवशी मोबाइलवर आमच्या अर्ध्या आचरा गावाचे वाढदिवस. तात्या म्हणायचे, "ह्यो वाढदिवस न्हय, मास्तराची सोय."

माझी आईही एक जूनचीच. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या नातवाने तिच्यासाठी केक पाठवायचं ठरवलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आठ दिवस आधीच नवं लुगडं काढून बसली. हे मी वाचनालयात बोलून गेले, तीच माझी चूक. तात्यांनी चष्मा वर केला. "आवशीचा म्हायार खंय?" आईचं माहेर तोंडवली, मी म्हटलं. "तिच्या आवशीचा नाव?" आजी आईला जन्म देतानाच गेली होती. नाव सांगितलं, तेही त्यांनी वहीत टिपून घेतलं. आईला म्हातारपणाची पेन्शन मिळते. हा संशयी बाबा तिच्या वयाची तक्रार करणार, असंच मी धरून चालले. त्यात ते तीन दिवस फळा लिहायला आले नाहीत आणि कुणीतरी सांगितलं, मालवणच्या कचेरीत जुनी दप्तरं उपसत होते. झालं, माझी खात्रीच पटली.

एक जूनला आईने केकवर सुरी ठेवली आणि तात्या दारात उभे. हातात कागद. मी आडवी गेले. "तात्यानू, आज नको." मला बाजूला सारून ते थेट आईपुढे गेले. चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"बाय, तुझ्या आवशीच्या मरणाची नोंद गावली. कारण बाळंतपण. म्हणजे तुझो खरो वाढदिवस त्याच दिवसाक. घे, तुझो तुका."

माणूस भेट घेऊन आला होता, आणि मी त्याला चुगलखोर ठरवलं होतं. मला शरम वाटली.

आईने कागद घेतला नाही. "माका म्हायत आसा तो दिवस, तात्यानू," ती शांतपणे म्हणाली. "ती तिथी दरवर्साक येता. आवशीचा पान मीच वाढतंय. न्हानपणी त्या दिवसाक घरात सगळी माझ्याकडे बघीत आणि म्हणत, जल्मली आणि आवशीक खाल्ल्यान. मास्तरान एक जून लिवल्यान, ता बरा केल्यान. एक जूनाक माझा कोणच मरूक नाय."

तात्यांनी त्या कागदाची बारीक घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि आईसमोर मांडी घालून बसले.

"मगे काप गो," म्हणाले, "माका वायच मोठो तुकडो दी."