बेगमनं पसंत केलेला ट्रॅक्टर

माझ्या नावामागे बी.ए., बी.एड. लागतं ते कोणामुळे, असं कोणी विचारलं तर मी गेनूतात्यांचं नाव घेतो. आईला याचं वाईट वाटत नाही. तिला विचारलं तर तीही तेच नाव सांगते.

शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, माळावर तात्यांची पागा होती. पाच-सात घोड्या, एखादं शिंगरू आणि दगडी हौद. लग्नसराईत वरातीपुढे नाचायला त्यांच्या घोड्या पार माजलगावपर्यंत जायच्या. तात्यांच्या गळ्यात कायम चाबूक असे, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा. जेवायला बसले तरी तो उतरत नसे. घोड्यांवर तो चाबूक पडलेला मी क्वचितच पाहिला. माणसांवर मात्र तो कुठल्याही निमित्ताने पडे. उसाच्या फडातून आलेल्या पाहुण्यावर पडला, सोयऱ्यावर पडला, एकदा वरातीत घोडीच्या शेपटाला फटाका बांधणाऱ्या नवरदेवाच्या भावावर भर मांडवात पडला. सगळ्यांत जास्त पडला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलावर, रघूवर. रघू माझ्या बरोबरीचा. बापाशी बोलताना तो नेहमी थोडा लांब, एक खांदा मागे घेऊन उभा राहायचा. चाबकाचा टप्पा त्याला पाठ होता.

घोडीला वरातीसाठी तयार करायची तात्यांची रीत मी पुष्कळदा पाहिली. तोबऱ्यात हरभरा घालून तिला खायला लावायचं आणि लांबवर हलगी वाजवायची. रोज थोडं जवळ यायचं. मग हलगी कानाशी, मग ताशा, मग फटाके. महिनाभरात घोडी फटाक्यांच्या माळेपुढेही हरभरा चावत उभी राही. "भेव काढल्याबिगर जनावर कामाचं न्हाई," तात्या म्हणत, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणत, "मानूस बी."

माझं भेव त्यांनी एका दिवसात काढलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू होतं. दिवाळीत घरी आलो तर वडील कावीळ होऊन पडलेले. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते आणि आईची जोडी मोडली होती. मुकादम ट्रक घेऊन दारात आला आणि वडिलांच्या जागी मलाच चढ म्हणाला. मी गुमान चढलो. आमच्या घरात मुकादमापुढे कोणी कधी मान वर केली नव्हती.

ट्रक पागेवरून निघाला तेव्हा तात्या रस्त्यात उभे होते. ट्रक थांबला.

"विष्णू, तुझी परीक्षा कवा हाय बे?"

मी मुकादमाकडे पाहिलं.

"त्याच्याकडं कावून बघतूस? परीक्षा त्यानं द्यायची हाय का?"

मुकादम खाली उतरला. "तात्या, तुमी घोडी नाचवा. मान्सं आमी बघतो."

पुढचं बघणाऱ्यांच्याही नीट लक्षात राहिलं नाही. चाबकाची मूठ मुकादमाच्या नाकावर बसली आणि तो ट्रकच्या चाकाशी पडला. त्याच्याबरोबरच्या पोरांनी तात्यांना धरलं, तात्यांनी एकाच्या मनगटाचा चावा घेतला. रक्त कोणाचं किती ते कळत नव्हतं. मला मात्र तात्यांचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं, "उतर म्हनलं ना. तुझ्या पायानं उतर. मी उचलून न्हाई काढनार." मी उडी मारून उतरलो. आईही उतरली. तो सगळा हंगाम आईवडील पागेत चारा-पाणी करत राहिले आणि मी बीडला परीक्षा दिली.

परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात दुष्काळ पडलेला होता. विहिरींचे तळ दिसत होते. सोसायटीने गावाजवळ चारा छावणी उघडली. तात्या सगळ्या घोड्या घेऊन छावणीच्या दारात गेले. मी आणि रघू बरोबर होतो. सोसायटीच्या गटसचिवाने टेबलावरून मान न उचलता सांगितलं, "गाय, म्हैस, बैल. घोडं न्हाई घेता येत."

"घोडं जनावर न्हाई का?"

"हाय की. पन ते नवरदेवाचं जनावर हाय. एवढ्या दुष्काळात कोन नवरदेव बसनार हाय, तात्या?"

लोक हसले. तात्यांनी टेबल उलटं केलं, गटसचिवाची मानगूट धरली आणि त्याचं तोंड म्हशीच्या पाण्याच्या टाकीत बुडवलं. वर काढलं. "गोड हाय का पानी?" पुन्हा बुडवलं. आम्ही दोघांनी ओढलं नसतं तर तो माणूस तिथेच संपला असता, असं मला अजून वाटतं. पाणी मिळालं नाहीच. उलट छावणीवरचा चारा, पाणी, डॉक्टर, सगळं आम्हाला बंद झालं.

आता एकच उपाय होता. दोन गावं पलीकडे एका पाहुण्याच्या विहिरीला पाणी होतं. तिथून रोज टँकर ओढून आणायचा. तात्यांचा जुना ट्रॅक्टर होता, पण तो सुरू झाला की सगळ्या घोड्या दावं तोडायला बघत. बेगम नावाची त्यांची लाडकी पंचकल्याणी घोडी, चारी पाय आणि कपाळ पांढरं, तिने तर एकदा त्या आवाजाने उधळून तात्यांचे पुढचे दोन दात पाडले होते. तिला त्यांनी काही केलं नाही. ट्रॅक्टरच्या बोनेटवर दगड घातला. तेव्हापासून तो बंदच होता. नवा घ्यायचं ठरलं.

रघूला मोठा ट्रॅक्टर हवा होता. पाऊस पडला की सहकारी कारखान्याला उसाची वाहतूक करता येईल, घोड्यांच्या जिवावर घर किती दिवस चालणार, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. तात्या म्हणाले, "ट्रॅक्टर रोज कुनाच्या शेजारी उभा राहनार हाय? तुझ्या का बेगमच्या? मग तीच बघंल."

आम्ही खरोखर बेगमला टेम्पोत घालून माजलगावला नेलं.

पहिल्या दुकानातला पोरगा चुणचुणीत होता. पन्नास घोड्यांची ताकद, म्हणाला. तात्या म्हणाले, "माज्या सातांनाच पानी न्हाई. पन्नास कुठं बांधू? चालू कर." रघूच्या मनातला ट्रॅक्टर तोच होता, लाल, उंच. पोराने तो सुरू केला. बेगमचे कान मागे गेले, ती फुरफुरली. पोराला गंमत वाटली. त्याने रेस पूर्ण दाबली. बेगम दोन पायांवर उभी राहिली, दोर रघूच्या तळहातातून सरकला आणि त्याची कातडी सोलून गेला. पोरगा सीटवर बसून हसत होता. चाबूक त्याच्या तोंडावर आडवा बसला. मग दुकानातले चार जण आले. माझ्या कानशिलात बसली, तात्यांचा सदरा फाटला, आणि त्या सगळ्या मारामारीत ते "आदी घोडी धरा, घोडी धरा" म्हणत होते.

दुसऱ्या दुकानात आम्ही रक्त पुसून गेलो. मालक म्हातारा आणि गरीब स्वभावाचा होता. त्याच्याकडे लहान, बुटका, निळा ट्रॅक्टर होता. मी माहितीपत्रक वाचून दाखवायला लागलो. तात्यांनी हाताने थांबवलं. ट्रॅक्टर सुरू झाला, मऊ, एकसारखा आवाज. बेगमचे कान पुढे आले. तिने बोनेट हुंगलं, मग चाकावरच्या पत्र्याला मान घासायला लागली. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बघ, रघू. भेव काढायची गरजच न्हाई." रघू हाताला चिंधी गुंडाळत टप्प्याबाहेर उभा होता. "लई ल्हान हाय," एवढंच म्हणाला.

निळा ट्रॅक्टर पागेवर आला. रघू रोज दोन खेपा आणायचा. घोड्यांना तो आवाज इतका ओळखीचा झाला की तो वळणावर ऐकू आला की त्या फाटकाशी येऊन उभ्या राहत. बेगम सर्वांच्या पुढे. तात्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "लेकरं शाळेतून आल्यावर आईकडं पळतेत ना, तसं."

वैशाखातली दुपार होती. आदल्या दिवशी विहिरीची मोटार जळाल्याने खेप आलीच नव्हती. घोड्या तहानेने वेड्या झाल्या होत्या. रघू टँकर उलटा घेत हौदाकडे सरकवत होता. बेगम दोर तोडून आली आणि पाण्याच्या वासाने सरळ टँकर आणि हौद यांच्या मधे शिरली. चाकांची भीतीच तिला नव्हती. रघूला ती दिसली नाही. मी ओरडलो तेव्हा हाडं मोडल्याचा आवाज येऊन गेला होता.

तिचा मागचा भाग हौदाच्या दगडाशी चेंगरला होता. टँकर पुढे घेतल्यावर ती बसली, पुढच्या पायांवर उठायला बघू लागली, पुन्हा पुन्हा. जनावराचे डॉक्टर छावणीवर होते आणि तिथून आमच्याकडे कोणी येणार नव्हतं. तात्या थोडा वेळ तिच्या तोंडाजवळ बसले. ओंजळीने पाणी पाजलं. मग आत जाऊन कुऱ्हाड आणली आणि बोथट बाजूने तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिक्यावर मारली. एकदा पुरलं नाही.

नंतर ते कुऱ्हाड घेऊन ट्रॅक्टरकडे वळले. रघू सीटवरून उतरला नव्हता. मी मधे गेलो, कुऱ्हाडीचा दांडा माझ्या बरगडीत बसला आणि मी पडलो. खाली पडल्या पडल्या मला वाटलं, आज हा माणूस पोटच्या पोराला मारणार.

रघू हळूच म्हणाला, "ती ज्याला भीत होती, तोच घ्यायला पायजे हुता, तात्या. लांब ऱ्हायली असती."

कुऱ्हाड वर गेली आणि खाली आली ती चाकावरच्या पत्र्यावर, जिथे बेगमने मान घासली होती. पत्रा फाटला. तात्या चाकाला टेकून खाली बसले. हौदाकडे हात करून म्हणाले, "पानी सोड. बाकीच्या उभ्या हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेलाचे रिकामे डबे गोळा केले, त्यात खडे भरले आणि बेगमच्या तुटलेल्या दोराने ट्रॅक्टरला बांधले. रघूने ट्रॅक्टर हलवला तसा असा खडखडाट झाला की घोड्या पार पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. तात्या म्हणाले, "आता ठीक हाय." जन्मभर भेव काढणारा माणूस घोड्यांना पुन्हा भ्यायला लावत होता. पाऊस पडेपर्यंत रोज दोन वेळा तो आवाज गावभर ऐकू यायचा.

यानंतर तात्या सुधारले, असं मी लिहिणार नाही. त्या आवाजाबद्दल बोलायला गटसचिव आला होता, तो परत जाताना त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. रघूवरही हात पडत राहिला. मी बी.एड. केलं आणि नांदेडकडे शाळेत शिकवायला लागलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी रघूचा फोन आला. तात्यांची उजवी बाजू लकव्याने गेली होती. ते खाटेवर होते, चाबूक उशाला. बेगमच्या नातीचं शिंगरू तयारीच्या वयाला आलं होतं आणि तात्यांनी मला विचारायला सांगितलं होतं, त्याचं भेव काढावं का राहू द्यावं. जन्मात त्यांनी मला विचारलेला हा एकच प्रश्न. मी फोनवर बोलायला लागलो तर मागून त्यांचा तुटका आवाज आला, "तोंडानं नको. लिवून पाठव. रघू वाचंल."

मी पाठवलेलं पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप गेनूतात्या यांना विष्णूचा शिरसाष्टांग नमस्कार.

शिंगराचं हलगीचं भेव काढा, फटाक्याचं काढा, गर्दीचं काढा. चाकांचं राहू द्या. तेवढं त्याचा जीव राखायला लागेल. हे तुम्हाला माहीत आहे, तरी विचारलंत म्हणून लिहिलं.

तुम्ही मला ट्रकवरून उतरवलंत त्या दिवसापासून मी कुठल्या मुकादमाला भ्यालो नाही. माझ्या वर्गातली पोरंही मला भीत नाहीत, याचं श्रेय तुमचं आहे. पण तुम्हाला मी अजून भितो. हे लिहितानासुद्धा भितो. या भेवाचा मला काही उपयोग झालेला नाही. रघूलाही झालेला नाही. पत्र रघू वाचतो आहे हे मला माहीत आहे, आणि तो कुठे उभा राहून वाचतो आहे तेही माहीत आहे. तुमचा हात आता उठत नाही, तरी तो तिथेच उभा असेल.

एका जनावराचं भेव तुम्ही महिनाभरात काढता, रोज थोडं जवळ येऊन. रघूचं तेवढं राहिलं आहे. शिंगराला तयार करायचं काम त्याच्या हाती द्या आणि चाबूकही त्यालाच द्या.

रघू, इथे थांब. खाटेजवळ ये, तात्यांचा हात लागेल इतका जवळ, आणि मग माझं नाव वाच.

आपला
विष्णू