घासलेल्या बाजूची साक्ष

मी देश सोडला त्या सकाळी वांगणीच्या आमच्या दारात सारा पाडा जमला होता. शेजारचा धर्मादादा तेवढा आला नव्हता. आबांनी हातावर नारळ ठेवला आणि विचारले, "धर्माला भेटलास?"

"त्यानं यायचं," मी म्हणालो.

मागे राहिलेल्यांत माझ्याविषयी दोन कथा प्रचलित आहेत, आणि माझ्यामागून परदेशी गेलेल्यांनीही त्या सोबत नेल्या आहेत. कारखान्याच्या शेठने फितवले म्हणून मी धर्मादादाविरुद्ध लिहून दिले, ही पहिली. प्रकरण अंगाशी येताच पळालो, ही दुसरी. दोन्ही खोट्या. जर्मनीतली माझी निवड त्याआधीच झाली होती, आणि शेठच्या चहाचा एक घोटही मी कधी घेतला नाही. प्रकृतीची चौकशी करणारी पत्रे आजही येतात. विचारणाऱ्याला खरे काय हवे असते, ते मला कळते.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ग्रॅफाइटचे ठोकळे बनत. कार्बन प्रचंड तापवला की त्याचे विस्कटलेले थर पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक नीट बसतात. भट्टी धर्मादादाकडे होती, तपासणी माझ्याकडे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका गिऱ्हाइकाने रामन तपासणी मागितली. तुकड्यावर लेसर टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढायचा. थर नीट असतील तर एकच उंच शिखर दिसते. विस्कटलेले असतील तर शेजारी दुसरे उभे राहते. मुंबईहून आमचा आलेख आला, त्यात दुसरे शिखर पहिल्याच्या खांद्याला लागले होते.

लावणीचे दिवस होते. धर्मादादाने रजा मागितली होती, ती मिळाली नव्हती. तरी त्याच्या पोटऱ्यांवरचा चिखल मी पाहिला होता. भट्टी लवकर उतरवून हा शेतावर गेला, असे मी लिहून दिले.

"भट्टी पुरी चालवली रं मी," तो म्हणाला. "तुझा कागद खोटं बोलतो."

"कागद खोटं बोलत नाही, दादा. माणसं बोलतात."

त्याला कामावरून काढले. पाड्यावर त्याचे नाव 'कच्चा धर्मा' पडले.

त्याच ठोकळ्याचा एक तुकडा मी पुरावा म्हणून जर्मनीला नेला होता. तिथल्या प्रयोगशाळेत यंत्राखाली ठेवण्याआधी मी सवयीने तो पॉलिश पेपरवर घासू लागलो. आमच्याकडे चकाकी आणल्यावाचून नमुना बाहेर जात नसे. काळपट तुकडा साहेबाच्या हाती देणे हा कारखान्याचा अपमान समजत. शेजारच्या वयस्क तंत्रज्ञ बाईंनी विचारले, "हे कशासाठी?"

"नीटनेटका दिसावा म्हणून."

त्यांनी पकडीने तुकडा मोडला आणि आतली बाजू प्रकाशाखाली ठेवली. दुसरे शिखर जवळजवळ नाहीसे झाले. घासलेल्या बाजूवर ते पुन्हा उभे राहिले. प्रकाश वरच्या पातळ पापुद्र्यापलीकडे जातच नव्हता, आणि मुंबईला धाडलेल्या नमुन्याचा तो पापुद्रा मीच घासून विस्कटला होता.

नव्वदच्या दशकात मी सुटीवर गावी आलो, तेव्हा दोन्ही आलेख घेऊन धर्मादादाच्या अंगणात गेलो.

"परत कागद आणलास?"

"या वेळी चूक माझी आहे, दादा. चकाकी मी आणली होती."

तो आत वळून ओरडला, "ऐकलंस काय गं? तुझा दादला कामचोर नव्हता!"

"मला कागद नाय लागला कळाया," वहिनी बाहेर येत म्हणाली. "लावणी मी उरकली. हा पाळी सुटल्यावर यायचा नि चिखलात बुजगावण्यावानी उभा राहायचा!"

तो पोटभर हसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मला सांगून काय? लिवून दिलं व्हतंस ना? मग लिवूनच दे."

मी होकार दिला. आठवड्याने माझे विमान होते. लिहून दिले नाही. वेळ मिळाला नाही, असे इतकी वर्षे मी सांगत आलो. ही तिसरी खोटी कथा, आणि ती माझी आहे.

धर्मादादा आता नाही. इथे जर्मनीत माझ्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, त्या तुकड्याचे दोन भाग अजून आहेत. घर म्हटले की मला आमचे दार आठवत नाही. त्याचे अंगण आठवते, जिथे मी होकार देऊन उठलो. म्हणून आज, सर्वांनी वाचावे असे, लिहून देतो. भट्टी पुरी चालली होती. नमुना मी घासला होता.