सतरावी पट्टी

“माग तुमचा, सूत तुमचं, पुठ्ठा तुमचा. भोकं तेवढी माझी.”

हे म्हणताना मास्तर चष्मा कपाळावर सरकवत आणि हातातली पुठ्ठ्याची पट्टी उजेडाकडं धरून एक डोळा बारीक करत. भोकांतून येणारा उजेड त्यांच्या गालावर ठिपक्याठिपक्यांनी पडे. विणकर या बोलण्यावर चावट हसत. ते लक्ष देत नसत. मलाही पहिल्यांदा पदर तोंडाला लावावा लागला होता. आता आठवलं की हसू येत नाही.

सोलापुरी चादर तुम्ही अंगावर घेतली असेल. तिच्यावरची फुलं कुठून येतात हे कोणी विचारत नाही. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक लांब माळ फिरत असते. पट्टीला भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. अशा शेकडो पट्ट्या एकामागून एक फिरल्या की कापडावर फूल उमटतं. नक्षी काढणारे आणि ती भोकं पाडणारे ते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या पट्ट्या आकड्यांप्रमाणे दोऱ्यात ओवून माळ करायची, हे माझं काम. चौथीपर्यंत शिकले होते, आकडे वाचता येत होते, म्हणून मालकांनी मला घेतलं. नवऱ्याची गिरणी बंद होती. शेजारच्या कुंभारी गावाहून मी चालत येत असे.

त्यांच्या घरात तेलुगू. आमच्याशी मराठी बोलत, पण मोजणी मात्र तेलुगूत. मी विशीची, आणि ते पन्नाशीचे असून मला अम्मा म्हणत. त्यांच्यात तशीच रीत आहे हे मला उशिरा कळलं.

“अम्मा, एकटं भोक दिसलं की शंका घे,” हा त्यांनी शिकवलेला पहिला धडा. “फुलाची भोकं घोळक्यानं असतात. मोकळ्या जागेत एकटंच बसलंय म्हणजे माझा हात चुकला. मला विचारत बसू नको. बुजवून टाक.”

बुजवायचं कसं तेही त्यांनीच दाखवलं. पातळ कागदाचा नखाएवढा तुकडा, कणकेची खळ, वर अंगठा दाबून दहापर्यंत मोजायचं. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु... मीही तेलुगूतच मोजायला लागले. मराठीत मोजलं तर चिकटणार नाही असं उगीच वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यांची ठरलेली. प्रत्येक नव्या माळेच्या पहिल्या वीस पट्ट्या ते स्वतः ओवत. पुढच्या माझ्याकडं. पहिल्या पट्टीवर निळ्या पेन्सिलीनं लिहीत, ‘एक माळ एक माग’, म्हणजे ही माळ एकाच मागाला. मला वाटायचं, आपण घट बसवताना पहिली मूठ वडीलधाऱ्याच्या हातानं टाकतो, तसंच काही असेल.

त्यांचा एक भाचा पुण्याला विम्याच्या कचेरीत होता. त्यानं एकदा कॉम्प्युटरचं एक कार्ड आणून दिलं. तळहाताएवढं, गुळगुळीत, आणि त्यालाही भोकं! ते कार्ड मास्तर सहा महिने सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरले. येईल त्याला दाखवत.

“बघ की. लोक म्हणतात लई मोठं यंत्र, खोलीभर हाय, गार हवेत ठेवतात. आत काय? भोकं! आमच्याच मागाचा धाकटा भाऊ हाय हा. मोठ्याला इचारत न्हाईत, धाकट्याला गार हवा.”

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या कार्डावरची भोकं त्यांनी आमच्या पट्ट्यांवर उतरवली आणि नमुन्याच्या मागावर लावून पाहिली. वीतभर कापड निघालं. उंदरांनी कुरतडल्यासारखी नक्षी. सगळे जमले. मास्तरांनी कापड उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, “ह्याला अजून विणता येत न्हाई.”

भाचा सांगत होता, कचेरीत माणसं कॉम्प्युटरच्या विरोधात घोषणा देतात, तो आला की माणसं घरी बसणार. मास्तर म्हणाले, “यंत्र कुणाला घरी बसवत न्हाई रे. यंत्राचा मालक बसवतो.”

मग मालकांनी मुंबईहून हिशेबाचं छोटं यंत्र आणलं. काळ्या काचेत तांबडे आकडे पेटत. आमच्या गल्लीतलं ते पहिलंच. मालकांनी मोठ्या कौतुकानं मास्तरांना बोलावलं.

“मास्तर, विचारा कायपण. पाढे विसरा आता.”

“त्याला इचारा, गुलाबाला पाकळ्या किती घालू?”

“अहो, असलं विचारायचं नसतं त्याला.”

“मग ते कुणाला इचारायचं?”

“ते तुम्हालाच.”

“असं म्हणा की,” मास्तर म्हणाले आणि उठून आले. पट्टीवर हातोडा घालताना मला म्हणाले, “अम्मा, पुढं लई यंत्रं येतील. घराघरात येतील. लोक यंत्राकडं बघतील, पेटी केवढी, दिवे किती. पेटीला सांगितलं कुणी, हे कोण बघणार न्हाई. ज्यानं सांगितलं त्याचंच नाव पुसतील.”

मला त्यातलं फारसं कळलं नाही. मी “व्हय” म्हणाले.

त्या वर्षी त्यांनी तरवडाच्या फुलांची चादर काढली. माळावर फुलतो तो पिवळा तरवड. चादरीवर कुणी तो आणला नव्हता. महिनाभर ते चौकडीच्या कागदावर वाकलेले असत. चादर निघाली आणि मागणी अशी आली की एका मागाला पेलेना. मालक म्हणाले, दुसऱ्या मागाला तीच माळ करून द्या. मास्तर म्हणाले, देतो की, पण पाडणार मी, वेगळ्या कामाचं वेगळं ठरवा.

“अहो मास्तर, तुम्ही भोकांचे पैसे मागताय,” मालक हसत म्हणाले. “पुठ्ठा माझा. त्यातला काढून टाकला तो तुकडाही माझा. उरलं काय? हवा. हवेला कोण मालक असतं का?”

मास्तर उठून आपल्या पट्टीकडं वळले. बोलणं तिथंच राहिलं.

दिवाळीनंतर ते दहा दिवस तेलंगणात गावी गेले. तिसऱ्या दिवशी मालकांनी माझ्यापुढं पट्ट्यांचा गठ्ठा आणून ठेवला. “दोन नंबरच्या मागाची माळ आहे. परवापर्यंत ओवून दे.”

पट्ट्या कोऱ्या करकरीत होत्या. आकडे निळ्या पेन्सिलीचे नव्हते, शाईचे होते, आणि ते अक्षर मास्तरांचं नव्हतं. पहिल्या पट्टीवर ‘एक माळ एक माग’ नव्हतं. कुणीतरी मास्तरांच्या पट्टीखाली कोरी पट्टी ठेवून भोकं पाडली होती. मला त्याच क्षणी कळलं. मी मालकांकडं पाहिलं. ते म्हणाले, “काय गं?” मी मान खाली घातली आणि सुई ओवली.

पहिल्या वीस पट्ट्या आयुष्यात प्रथमच माझ्या हातात आल्या. सतराव्या पट्टीवर, उजव्या टोकाच्या मोकळ्या जागेत, एक एकटं भोक होतं. आजूबाजूला काही नाही. पाडणाऱ्याचा हात चुकला असं मला वाटलं. मी कागदाचा तुकडा कापला, खळ लावली, अंगठा दाबला आणि दहापर्यंत मोजलं. काम चोख झालं म्हणून मनातून थोडं बरंही वाटलं. खरं सांगते.

मास्तर परत आले. दोन नंबरच्या मागावर तरवड फुलताना त्यांनी पाहिला. ओरडले नाहीत. गल्लीतल्या तीन वडीलधाऱ्या कारखानदारांना जाऊन भेटले आणि दुपारी सगळ्यांना आमच्या कारखान्याच्या अंगणात बसवलं. आम्ही कामकरी भिंतीशी उभे राहिलो.

मालक म्हणाले, “मी काय यांच्या पट्ट्यांना हात लावला नाही. दुसऱ्या एका नक्षीवाल्यानं चादर बघून नक्षी काढली. बघून काढायला बंदी आहे का?”

वडीलधाऱ्यांतले एक म्हणाले, “बघून काढली असेल तर आम्हाला काही बोलता येणार नाही, मास्तर. सगळेच काढतात. पण तुमच्या पट्ट्यांवरून पाडली असेल तर ती चोरी. माळ तोडायला लावू, आणि इथून पुढं गल्लीत तुमचाच नियम, एक माळ एक माग. पण ओळखायचं कसं?”

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा चेहरा खुलला होता. तसा मी तो फार थोड्या वेळा पाहिला.

“मी प्रत्येक नक्षीत एक भोक जास्त पाडतो. सतराव्या पट्टीवर. कुणाला सांगितलं न्हाई, बायकोला पण न्हाई. त्यानं चादरीच्या कोपऱ्यातल्या फुलाशेजारी एक ठिपका येतो. बघून काढणारा म्हणेल डाग हाय, आणि सोडून देईल. पट्ट्या छापणारा सोडणार न्हाई. भोकाला भोक पाडत जाईल. आणा ती चादर. ठिपका नसला तर ह्या हातानं परत हातोडा उचलणार न्हाई.”

मी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं.

दोन नंबरच्या मागावरची चादर अंथरली. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि भिंग लावलं. एक कोपरा पाहिला. दुसरा पाहिला. चादर उलटी केली. पुन्हा पहिल्या कोपऱ्यापाशी आले आणि बोटानं सूत चाचपायला लागले.

“काय हरवलं मास्तर?” मालक म्हणाले. दोघंतिघं हसले.

ते तसेच सूत चाचपत राहिले. मला बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की ते भोक मी बुजवलं. चार शब्द. भिंतीशी उभी होते, चुन्यात नखं रुतली होती, पण पाऊल पुढं टाकलं नाही. मालक माझ्याकडं बघत आहेत असं मला वाटत होतं. बघत होते की नाही, देव जाणे. घरी चूल माझ्या एकटीच्या हातावर होती, हे कारण मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्या वेळी कारणसुद्धा सुचलं नव्हतं. नुसती भीती होती.

“न्हाई ह्यात,” मास्तर म्हणाले आणि उठले.

मंडळी पांगली. मास्तर आत आले, दोन नंबरच्या मागापाशी गेले आणि लोंबणारी माळ मोजत मोजत हातानं सरकवली. सतराव्या पट्टीवर अंगठा थांबला. कागदाचा तुकडा लागला असणार. त्यांनी नखानं त्याची कड चाचपली. मग माझ्याकडं पाहिलं. तसे तुकडे अख्ख्या गल्लीत एकटी मीच लावत होते, आणि मला ते कुणी शिकवलं हे त्यांना ठाऊक होतं.

अजून वेळ होता. वडीलधारे दारातच चपला घालत होते. मास्तरांनी हाक मारली असती तर ते परत आले असते. पण मग तुकडा कुणाचा, हे सांगावं लागलं असतं.

ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “खळ बरोबर झालीय, अम्मा. कड पण उठत न्हाई.”

त्यांनी हातोडा कापडात गुंडाळला आणि गेले. बोललेलं पाळणारा माणूस. मालकांनी नंतर दोनदा बोलावणं पाठवलं, ते आले नाहीत. त्या वर्षात गल्लीतल्या दहा मागांवर तरवड फुलला. सगळ्या माळा दोन नंबरच्या माळेवरून पाडलेल्या, म्हणून त्यांच्या कुठल्याच चादरीत ठिपका नव्हता. कॉम्प्युटरचं ते कार्ड त्यांच्या जागेवर फळीवर तसंच राहिलं होतं. मालकांनी ते हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

त्यांना नंतर मी एकदाच पाहिलं. घराच्या उंबऱ्यावर बसून विडीची पानं कापत होते. विड्या वळायचं काम त्यांच्या बायकोचं, तेही तिच्या शेजारी बसलेले. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कात्री फिरवायची. दुसऱ्यानं ठरवलेल्या मापाबाहेर कात्री जायची नाही. मला म्हणाले, “बस की अम्मा. हे सोपं हाय. डोकं लागत न्हाई.” मी बसले नाही. माफी मागायला गेले होते, आणि त्यांच्या बायकोकडं पाणी मागून, ते पिऊन परत आले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. तेही एक विणकर दुसऱ्याला सांगत होता म्हणून.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले होते. मी दोन नंबरवर गेले आणि सतराव्या पट्टीवरचा तो तुकडा पाण्याचं बोट लावून सोडवला. भोक मोकळं झालं. दुपारपासून चादरीच्या कोपऱ्यात ठिपका यायला लागला. पिवळा, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी येता-जाता त्याच्यावर बोट ठेवत होते. पण तो शोधणारं आता कुणी नव्हतं. ज्यानं शोधला त्याला तो हवा होता तेव्हा मी दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मालक एक चादर घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. “हा डाग कसला येतोय? बाकीच्यांच्या चादरीवर नाही म्हणून व्यापारी परत पाठवतोय माल. पट्टी बघ कुठली बिघडलीय, बुजव ते.”

अंगणात मास्तर बोलले होते तो हाच ठिपका, हे त्यांना आठवलं नाही. मी सांगू शकले असते. आता तर कुणाचं काही जाणार नव्हतं.

मी कागद कापला. खळ कालवली. सतराव्या पट्टीवर तुकडा ठेवला, वर अंगठा दाबला.

ओकटि. रेंडु. मूडु. नालुगु...