अंगणातलं केरळचं झाड

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा, मागच्या खेपेला एकीनं माझ्या नव्या चादरीवर सांडला होता. हो, त्याच झाडाची गोष्ट. गावात जो तो मीठमसाला लावून सांगतो. म्हटलं, फजिती माझी, मग मीच का सांगू नये?

तर झालं असं. माझ्या मोठ्या नणंद, मंदाबाई, पुण्याला लेकाकडे राहतात. आमचं गाव इकडे चामोर्शीजवळ, धानाच्या बांध्यांमध्ये. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात त्या माहेरपणाला आल्या, त्या केरळ फिरून. पिशवीत लाल लाल, केसाळ फळं! रामबुटान म्हणे. आत लिचीसारखा पांढरा गर. अख्ख्या आळीला वाटली. वाटता वाटता मला म्हणाल्या, "शोभा, बिया फेकून दे. इथी काई येनार नाई. त्याले केरळची हवा लागते."

संपलं! मला कुणी 'येणार नाही' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी मूळची आर्वीकडची, कापसाच्या घरची. लग्न होऊन आले तेव्हा सगळे म्हणत होते, ही काही धानाच्या चिखलात टिकणार नाही. टिकले की नाही?

"काऊन नाई येनार, बाई? मी आनून दाखवते!"

लोकांनी थुंकलेल्या बिया गोळा केल्या, धुतल्या. आता बियाणं कसं ठेवायचं ते मला शिकवायचं नाही हं! आई तुरीचं ठेवायची, तसंच केलं. सुपात घालून कडक उन्हात वाळवल्या, पार खडखड वाजेपर्यंत. मग चुलीची राख चोळली. मग आमच्याच खताच्या ढिगातलं शेणखत कुंडीत भरलं आणि पुरल्या.

आणि पाऊस लागल्यावर एक कोंब आला! एकच, पण काय तो कोंब! कोवळी, तांबूस, चकचकीत पानं. मी लगेच फोटो काढून मंदाबाईंना पाठवला. उत्तर आलं, "छान गं." दोनच शब्द. मी म्हटलं, जळल्या!

रोप जरा मोठं झाल्यावर ते अंगणाच्या कोपऱ्यात लावलं. शेजारच्या गिरजाकाकू बघायला आल्या. वाकून पाहिलं, पान चुरलं, म्हणाल्या, "अवं शोभा, हे तं…"

"काकू, हात नोका लावू! विदेशी हाय."

"पन हे आपलं…"

"आपलं नाई, केरळचं हाय!"

बिचाऱ्या आल्या तशा परत गेल्या. आमचे हे म्हणाले, "असे पानं मी कुठीतरी पाह्यले बा." मी म्हटलं, "टीव्हीवर पाह्यले असन." मग सगळ्यांची तोंडं बंद करायला मी मोबाईल काढला. पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगतो ना तो? त्यानं नाव काही धड सांगितलं नाही, पण खाली लिहून आलं, लिचीच्या कुळातलं झाड. लिची आणि रामबुटान कुळानं एकच! आणखी काय पुरावा पाहिजे? तो फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मंदाबाई परत, "छान गं."

पुढे यांनी एक जुनी गाडी घेतली. आता आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी गाडीत बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. हे स्टेअरिंगला ओला दुपट्टा गुंडाळून चालवायचे. म्हणाले, अंगणात टिनाचं शेड टाकू. आणि शेडला जागा कोणती? नेमका माझ्या झाडाचा कोपरा!

"झाडाले हात लावला तं पाहा!"

"अवं, पन ते रामबुटान हाय कशावरून?"

मी कुंपणाशी उभ्या गिरजाकाकूंना साक्षीला बोलावलं आणि छाती ठोकून सांगितलं, "हे रामबुटान नसन ना, तं मी माझ्या हातानं त्याच्यावर कुऱ्हाड घालीन. तवरक शेडचं नाव काढायचं नाई!"

मग काय विचारता! गाडी उन्हात आणि झाड माझ्या चांगल्या सुती साडीच्या सावलीत. बांबू रोवून चारी बाजूंनी साडी बांधली होती मी. येणारे-जाणारे विचारत, आत कोण बाळंतीण आहे का? विचारू देत. दर आठवड्याला फोटो काढायचा, पुण्याला पाठवायचा. झाड माझ्या डोक्याइतकं उंच झालं. यंदा शिमग्याच्या आसपास तर नवी पालवी अशी लालभडक फुटली की दुरून वाटावं, पेटलंय! फोटो गेला. या वेळी मंदाबाईंचं उत्तर आलं, "पाहायला येते."

या की! मी काय घाबरते?

त्या यायच्या आठवड्यातच आम्हाला भामरागडकडे एक लग्न होतं. यांना धानाची गाडी भरायची होती, म्हणून मी एकटीच एसटीनं निघाले. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, त्याच बाजूची. मला काय, झाडाचा विषय काढायला निमित्तच लागत नाही. मोबाईल तिच्यापुढे धरला. "हे पाहा, माझ्या अंगनातलं झाड. विदेशी हाय. अख्ख्या जिल्ह्यात एकच!"

तिनं फोटो पाहिला. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग परत फोटो पाहिला.

"बाई, हे का ते?"

मी बाहेर पाहिलं. आलापल्लीचं जंगल लागलं होतं. रस्त्याच्या कडेला एक झाड, लालभडक. तीच पानं, तोच रंग. वळण आलं, आणखी एक. टेकडीवर पाच-सहा. नाल्याच्या काठाला तर रांगच! गाडी पळत होती आणि माझं जिल्ह्यातलं एकुलतं एक झाड काही संपायचं नाव घेत नव्हतं.

"कुसुम म्हनतेत त्याले," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडं लय हाय. जनावरं खातेत."

लग्नात मी काय जेवले ते मला आठवत नाही.

घरी आले. थेट झाडापाशी गेले. कुसुम झालं म्हणून काय झालं? पाणी मी घातलं होतं, रात्रंदिवस राखलं मी होतं. आणि आता मीच कुऱ्हाड घालू?

मंदाबाई आल्या. गिरजाकाकू आल्या. हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी झाडापुढे जाऊन उभी राहिले आणि कुणी तोंड उघडायच्या आत सुरू झाले.

"आयका सगळे! हे रामबुटान नाई. कुसुम हाय, जंगलातलं. अना मी ते कापनार नाई!"

"पन तू शबूद देल्ला होता," हे म्हणाले.

"देल्ला होता. मोडला! माझा शबूद, मीच देल्ला, मीच मोडला. झाडानं कवा म्हनलं होतं का मी रामबुटान हाय म्हनून?"

गिरजाकाकूंनी कपाळावर हात मारला. "कवापासून हेच सांगून राह्यली होती मी! बोलू कुठी देते?"

हे हसायला लागले. "मले बी माहीत होतं."

"मंग शेड काऊन नाई टाकलं?"

"तुया हाती कुऱ्हाड द्यायची हिंमत पायजे ना!"

उरल्या मंदाबाई. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, त्या याच घरात जन्मल्या, याच जंगलात हिंडल्या! आणि मी त्यांनाच हिणवायला फोटो पाठवत होते?

"पयल्याच फोटोत वळखलं," त्या म्हणाल्या. "कुसुम खाऊन दात आंबवले आमी. ढोरं जंगलात कुसुम खातेत, बिया शेनात येतेत, तेच शेनखत तुया कुंडीत गेलं. अना रामबुटानचं बी ताजंच लावा लागते, शोभा. तू तं वाळवून मारून टाकलं."

"मंग सांगतलं काऊन नाई, बाई?"

त्यांनी पदर सारखा केला. "माय गेल्यापासून माहेराचा फोटो कोन पाठवते मले? झाडामागं गोठा दिसे, हीर दिसे. सांगतलं असतं तं तू पाठवनं बंद केलं असतं."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढी भांडकुदळ मी, पण बाईंना मिठीच मारली. शेडचा विषय तिथेच मिटला.

त्यांनी पिशवी काढली. पुण्यात आता मिळतात म्हणे रामबुटान. "घे, हौस फेडून घे तुई."

आता कप खाली ठेवा. त्या दिवसापर्यंत मी रामबुटान चाखलंच नव्हतं! पहिल्या वेळी आळीला वाटता वाटता संपलं, माझ्या वाट्याला नुसत्या बिया आल्या होत्या.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सोललं, तोंडात टाकलं. गिळगिळीत, गुळचट, बेचव! याच्यासाठी मी नवऱ्याला उन्हात भाजलं?

"कसं लागते?" मंदाबाईंनी विचारलं.

"एक नंबर!" मी म्हटलं, आणि कुणाला एकही न देता अख्खी पिशवी एकटीनं संपवली.