धाकूचं भुयार

आगबोटीतून उतरलेल्या मुंबईकरांना रत्नागिरी दाखवावी ती धाकूनेच. थिबा राजाचा वाडा म्हणजे नुसत्या भिंती, असं त्याचं ठाम मत! तो पाहुण्यांना आपल्या होडीत घाली आणि दीपगृह, बुरूज, भगवतीचं देऊळ दाखवत किल्ल्याखालच्या भुयाराच्या तोंडाशी आणी. तिथे वल्ही थांबवून सांगे, "दर्यान गिळलेला माणूस हयसून परत येता. तीन अवशींच्या आत, तिसरी अमावास्या सरायच्या आधी. भगवतीची आण!"

आण ऐकली की पाहुणे हात जोडत, बायका पाण्यात नारळ सोडत. गोष्ट धाकूने स्वतःच रचलेली. आम्ही बाकीचे होडीवाले त्यावरून त्याची भरपूर टर उडवायचो. त्याची बायको जनी मात्र भोळी. नवरा देवीची खोटी आण घेईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

एकतीस सालच्या आश्विनातल्या वादळात मिरकरवाड्याचा एक मचवा परतला नाही. त्यावर धाकू-जनीचा एकुलता एक मुलगा भिकाजी होता. धाकूने सगळा किनारा पालथा घातला. जनी रडली नाही. ओहोटी लागली की ती भिकाजीची कोरडी बंडी घेऊन भुयाराशी जाऊन बसायची. खरं सांगायचं कुणाची छाती झाली नाही, धाकूचीही नाही.

तिसऱ्या अमावास्येला उधाण आलं तरी जनी हलेना. आम्ही धाकूला घेऊन होडी तिकडे नेली. तो खडकावर उतरला.

"चल गो, पाणी चढता."

"येयल तो. आज शेवटची अवस."

"नाय येणार! ता मीच रचलेला."

"आण घेतलात ना तुमी?"

"खोटी घेतली. आता खरी घेतंय. भगवतीची आण, कोण येत नाय हयसून!"

जनीने बंडीची घडी केली, त्याच्या हातात दिली आणि होडीत येऊन बसली. आमचा जीव भांड्यात पडला.

धाकू मात्र येईना. तो जनीच्या जागेवर बसला. लाटा त्याच्या कमरेला लागत होत्या. बंडी डोक्यावर धरून तो भुयारात ओरडू लागला, "भिकाजी! रे भिकाजी!"

आम्ही दोघांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, तर तो आम्हालाच लाथा मारू लागला.

"सोडा माका! अवस सरली नाय अजून!"