पावलावरचं नाव

आईचं हाड मोडलं तेव्हा मी महिनाभर तिच्याजवळ इस्पितळात होते. शेजारच्या खाटेवर सुमन होती. नवरा ट्रॅक्टर मागे घेत असताना चाक तिच्या पावलावरून गेलं होतं. वरची कातडी निघून हाडं उघडी पडली होती.

डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "हाताची कातडी शिरेसकट काढून पावलावर बसवू. उजव्या हाताच्या शिरा चालणार नाहीत, डाव्याचीच घ्यावी लागेल."

डाव्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं.

"माझं नाव पायावर?" तो म्हणाला. "लोक हसतील."

"नाहीतर पाऊल कापावं लागेल."

त्याने संमतीचा कागद सही न करताच डॉक्टरांना परत दिला. मग म्हणाला, "कापा."

सुमन सगळं ऐकत होती. तिने डॉक्टरांकडे हात पुढे केला. "कागद इकडं द्या. सही मी करते."

माणसाची कातडी मोठी सोशिक. रक्त मिळत राहिलं तर परक्या जागीही रुजते. काही दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा ती पावलावर जराशी फुगीर दिसत होती, पण जगली होती, नावासकट. नवऱ्याने ते बघितलं आणि हातातला डबा तसाच घेऊन गेला. पुन्हा आला नाही.

सुमन कुबडी घेऊन उभी राहायला लागली, तेव्हा मी विचारलं, "दुखतं का गं?"

तिने खाटेवर बसून त्या नावावर जोरात नख ओढलं.

"नाही ताई. डॉक्टर म्हणाले, इथं आता काही कळणार नाही."