पेन्सिलीआधीचा हात

पाण्यात भिजून फुगलेला एक अवरेकाळू, म्हणजे आपला पावट्याचा दाणा, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात धरा. आता दाबा, पण बेतानं. कमी दाबलंत तर साल सुटत नाही, जास्त दाबलंत तर दाणा समोरच्याच्या कपाळावर. असे शंभर दाणे सोला आणि मग सांगा, अंगठ्याच्या बुडाशी कुठं दुखतं ते.

१९९७च्या जानेवारीत, कानडी मुलखातल्या आनेकलच्या अंबुबाईंच्या बालवाडीत चार-साडेचार वर्षांची अकरा पोरं रोज हेच करत बसायची. अंबुबाईंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, शिंपीकाम करणारं. लहानपणी काजं-बटणं करून त्यांची बोटं तयार झाली होती आणि शाळेत अक्षर पहिल्या दिवसापासून ठळक उमटलं होतं. म्हणून हात तयार झाल्याशिवाय त्या कुणाला लिहायला बसवत नसत.

त्यांतल्या हर्षिताची आई सुलभा बोम्मसंद्राच्या कारखान्यात कामाला. मुलीला न्यायला आली, तर पोरीच्या पुढ्यात सोललेल्या दाण्यांची वाटी.

"अक्का, मुलगी मी शिकायला पाठवते. तुमच्या आमटी-सारूचे अवरे सोलायला नाही."

"थांब स्वल्प, सारू तुलाही देते."

"चेष्टा नको. वीस दिवसांनी मोठ्या शाळेत हिला कागदावर नाव लिहायचंय. नाही आलं तर वर्ष गेलं. आणि हिची रेघ भिंगातून बघावी लागते."

ते खरंच होतं. हर्षिता दाणे झरझर सोलायची, पण तिची पेन्सिल कागदावर नुसती तरंगायची. आपली समजूतच चुकली असेल तर? पोरीचं वर्ष आपल्यापायी जाणार, या विचारानं अंबुबाईंना जेवण गोड लागेना.

दुसरी एखादी हट्टाला पेटली असती. अंबुबाई मात्र बघायला बसल्या. आजवर त्या फक्त बोटं बघत होत्या, आता सगळा हात बघू लागल्या. जमिनीवर कागद ठेवला की हर्षिताचं मनगट आत मुडपायचं. त्यांनी तिला कणीक मळायला दिली, ओली फडकी पिळायला दिली. फरक पडला, पण अगदी थोडा. नवव्या दिवशी, बाकीच्या पोरांनी तुडवू नये म्हणून, त्यांनी तिचा कागद भिंतीला चिकटवला. हर्षितानं उभ्याउभ्याच रेघ ओढली. काळीभोर.

"सरी, बरोबर," अंबुबाई म्हणाल्या, आणि त्याच दुपारी अकराही पोरांचे कागद भिंतीवर गेले.

परीक्षेहून सुलभा थेट बालवाडीत आली.

"टीचरनी कागद टेबलावर दिला, अक्का. हिनं तो उचलला, भिंतीला लावला नि नाव लिहून मोकळी. टीचर हसल्या, पण घेतलं हिला."

"बरं झालं गं," अंबुबाई म्हणाल्या. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता, पण डोक्यातला भुंगा काही थांबला नव्हता. मुलांना घ्यायला येणाऱ्या प्रत्येक आईबापाला, गावातल्या डॉक्टरांनासुद्धा, त्या अजून विचारतात:

"बोटं तीच, पेन्सिल तीच. मग भिंतीपाशी हा जोर येतो कुठून?"